शनिवारचे चार ठिपके

जयंत सरांनी लाल पेनानं आलेखावरचे चार ठिपके एकामागोमाग एक खोडले आणि पेनाला टोपण लावून तो खिशात ठेवला.

"झालं. आता रेष कशी छान दिसते बघ."

देवश्री टेबलासमोर उभीच होती. बस म्हणायचं सरांना सुचलं नव्हतं, आणि सहा वर्षांत तिनंही कधी आपणहून खुर्ची ओढली नव्हती.

"सर, हे चार काढायचे कशाच्या आधारावर?"

"नमुने खराब होते म्हणून."

"खराब नव्हते. पेशी जिवंत होत्या. मी मोजल्यात."

"मग तू चुकली असशील." सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "चौदातले दहा जुळतायत. लोक सहावर पीएचडी घेऊन मोकळे होतात. एकतीस तारखेनंतर मुदत नाही, ये पत्थर की लकीर है. आता तूच ठरव."

ठरवायला होतंच काय? देवश्रीनं कागद उचलला. दार जरा जोरात लागलं, ते वाऱ्यानं लागलं असं समजायला सर मोकळे होते.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं होतं. बाईच्या अंडाशयात बीजाभोवती ज्या पेशी असतात, त्यांच्यात इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात. इस्ट्रोजेन म्हणजे निरोप घेऊन आलेला माणूस, तर रिसेप्टर म्हणजे आतून दार उघडणारा. तोच नसला तर निरोप्यानं कितीही कडी वाजवली तरी व्यर्थ. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बीजं काढण्याआधी छत्तीस तास एक हॉर्मोनचं इंजेक्शन देतात, बीजं पिकावीत म्हणून. त्या इंजेक्शननंतर हे दार उघडणारे तासागणिक कसे कमी होत जातात, ते देवश्री मोजत होती. टेबलावर नंबर मागेपुढे लागायचा, त्यामुळं कुणाचे पस्तीस तास भरायचे, कुणाचे सदतीस. बीजं काढल्यावर उरलेलं पाणी एरवी मोरीत जायचं. ते ती माधवनगरच्या एका दवाखान्यातून थर्मासमध्ये घालून स्कूटरवरून आणायची आणि त्यातून पेशी वेचायची. चौदा बायका, चौदा ठिपके. दहा ठिपके रेषेवर शहाण्यासारखे बसले होते. चार मात्र पार खाली, लग्नात रुसून जानवशावर बसलेल्या पाहुण्यांसारखे.

त्या चौघांनी तिचा जीव नकोसा केला होता. आधी वाटलं, पेशी वाढवायच्या द्रावणातला लाल रंग नडतोय, कारण तो रंग स्वतःच थोडासा इस्ट्रोजेनसारखा वागतो. तिनं रंग नसलेलं द्रावण मागवलं. मग सीरम बदललं. मग इन्क्युबेटरवर संशय घेतला आणि त्याच्यापुढे खुर्ची टाकून दोन दिवस तापमान लिहीत बसली. इन्क्युबेटर बिचारा निर्दोष निघाला. शेवटी एकदा वैतागून तिनं तारखांपुढे वार लिहिले, तर चारही शनिवार! दवाखान्यात बीजं काढायला इंदूरहून डॉक्टर यायचे ते सोमवारी, शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी. सोमवार-शुक्रवारचे नमुने एकजात गुणी, शनिवारचे चारही वाह्यात. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "शनि को तेल चढाओ," आणि आपल्याच विनोदावर हसले होते.

तिला हसू आलं नव्हतं. चार ठिपके खोडून डॉक्टर म्हणवून घ्यायचं, आणि पुढे जन्मभर त्या चार बायकांना काय झालं होतं याचा विचार करत बसायचं, हे तिला जमणार नव्हतं. कारण हवं होतं, आणि ते एकतीस तारखेच्या आत हवं होतं.

तिनं संमतीपत्रांचा गठ्ठा काढला. प्रत्येकाच्या शेवटी एक प्रश्न होता: गरज पडल्यास पुन्हा संपर्क साधला तर चालेल का? चौघींपैकी तिघींनी 'नाही'वर खूण केली होती. चौथीनं 'हो'वर. इशिता, वय एकोणतीस, नानाखेडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानाखेड्याच्या बसस्टँडमागच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर, दार उघडलं ते इशिताच्या सासूबाईंनी.

"दवाखान्यातल्या का तुम्ही?"

"नाही, विद्यापीठातली. देवश्री. इशितांनी माझ्या कामासाठी नमुना दिला होता जानेवारीत. दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या."

"अरे, मराठीच! मग तर घरचीच की. बैस गं, बैस. मी सुमनकाकू. इशिता, कोण आलंय बघ. चहा टाकते, नाही बोलायचं नाही."

इशिता ओढणीला हात पुसत आली आणि समोर बसली. दवाखान्यात बायका बसतात तशीच बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, विचारतील त्याची उत्तरं द्यायला तयार. देवश्रीनं यादी काढली. थायरॉइडची गोळी? नाही. शतावरी, कुठला काढा, वैद्याचं काही? नाही. त्या आठवड्यात ताप, सर्दी? नाही. उपास? नाही, ताई. एकेक 'नाही' ऐकताना देवश्रीला वाटत होतं, हा कागद आता चुरगाळावा आणि एकतीस तारखेला दहा ठिपक्यांचा प्रबंध सरांच्या टेबलावर आपटावा.

"आणि ते शेवटचं इंजेक्शन," ती यादी मिटताना केवळ विचारायचं म्हणून म्हणाली, "गुरुवारी रात्री दहाला. दवाखान्याच्या कार्डावर तसंच आहे."

इशितानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हो. दहाला."

"दहाला कुठं गं?" काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होत्या. "साडेसहाला नाही का घेतलं? अमृतात."

"आई."

"अगं, हिला सांगायला काय होतं? ही काय सिस्टर आहे ओरडायला?" काकूंनी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि देवश्रीपुढे शेवेची बशी सरकवली. "गुरुवारी रात्री दहाला रोगाचा चौघडिया असतो. रोगात कुणी औषध घेतं का? बुधवार असता तर दहाला अमृत, शनिवार असता तर शुभ, तेव्हा काही अडत नाही. गुरुवारचाच घोळ आहे. सहा ते साडेसातपर्यंत अमृत, मी पंचांग बघूनच सांगितलं हिला. कार्डावर दहा लिहिलं, नाहीतर दवाखान्यात आरडाओरड. कोण भांडत बसणार?"

"तुम्हीच असं केलंत, का बाकीच्याही..."

"सगळेच बघतात! दवाखान्यात बाकावर ती नागद्याची बाई होती ना, तिची नणंद पण हेच बोलली, रोग में कौन लगाता है."

देवश्रीनं कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. शुक्रवारच्या बायकांचं इंजेक्शन बुधवारी रात्री, सोमवारच्यांचं शनिवारी, आणि गुरुवारी तेवढं शनिवारच्यांचं. तिच्या स्वतःच्या घरी फ्रिजवर चौघडियाचं, दीड-दीड तासाच्या शुभ-अशुभ वेळांचं, कॅलेंडर होतं. तिची स्कूटरसुद्धा आईनं शोरूममध्ये अर्धा तास ताटकळत ठेवून लाभाच्या चौघडियात बाहेर काढायला लावली होती. आणि ती मात्र सहा महिने द्रावणाचा रंग बदलत बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तिनं पिशवीतून आलेख काढला आणि पेन्सिलनं तिथंच मांडीवर रेष पुढे वाढवली. साडेसहा ते दहा, साडेतीन तास. छत्तीस नाहीत, साडेएकोणचाळीस. तिनं इशिताचा ठिपका उजवीकडे सरकवला. तो अलगद रेषेवर जाऊन बसला. दुसरा सरकवला, तोही बसला. तिसरा, चौथा. तिला ओरडावंसं वाटलं. बिघडलं काहीच नव्हतं. पेशी चोख वागल्या होत्या, चौदाच्या चौदा. फक्त त्यांचं घड्याळ वेगळं होतं.

"साडेएकोणचाळीस तास!" ती मोठ्यानं म्हणाली. "इशिता, मला फक्त खरी वेळ लिहून सही हवी. एवढंच. बाकी तिघींना मी विचारू शकत नाही, पण एक जरी ठिपका खरा ठरला तरी मला ते चारही खोडावे लागणार नाहीत. कारण सांगता येईल."

तिनं इशिताच्या कार्डाच्या प्रतीचा कागद पेनासकट टीपॉयवर पुढे सरकवला. इशितानं तो घेतला नाही.

"ताई, साडेएकोणचाळीस तासांनी काय होतं?"

आता कुठं देवश्रीच्या लक्षात आलं, की आपण कुणाच्या घरात बसून आनंदानं ओरडलो.

"म्हणजे?"

"छत्तीसच पाहिजेत असं सिस्टर दहादा बोलली होती. मला वाटलं, असंच बोलतात. उशीर झाला तर काय होतं?"

काही नाही, ते आमच्या कागदापुरतं असतं, असं म्हणणं अगदी सोपं होतं. शब्द तयारही होते. काकू शेवेची बशी हातात धरून उभ्या होत्या, प्रेमळ, गोल चेहऱ्याच्या काकू, ज्यांनी सुनेचं भलं व्हावं म्हणून पंचांग उघडलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत हे कसं सांगायचं? देवश्रीनं कागद मागं घ्यायला हात पुढे केला.

"डॉक्टर बोलले, तुमच्यात एगच नाहीत," इशिता शांतपणे म्हणाली. "सोनोग्राफीत नऊ पिशव्या दिसत होत्या. निघालं एकच, ते पण वाया गेलं. पिशव्या रिकाम्या होत्या बोलले. आता दुसऱ्या बाईची एग घ्यायची आहेत. रविवारी सही करायला बोलावलंय."

ती हे सांगत असताना काकूंनी मान खाली घातली. या घरात त्या एकावरून पुष्कळ बोलणं झालं असावं, आणि ते सगळं इशितानंच ऐकून घेतलं असावं.

देवश्रीचा हात परत आला. तिला स्वतःचा राग आला, सरांचा आला, कार्डावरच्या त्या सुबक अक्षरातल्या 'दहा'चा आला. डॉक्टरांचा राग यावा असं तिला वाटलं, पण त्यांनी तरी काय करायचं? त्यांनी कार्ड वाचलं होतं.

"छत्तीस तासांपर्यंत बीज पिकतं, पण जागेवर असतं," ती म्हणाली. शब्द निवडून निवडून बोलत होती, तरी ते कठोरच वाटत होते. "चाळीस तास होत आले की ते आपणहून सुटून जातं. सुटल्यावर सुईला सापडत नाही. पिशवी रिकामीच दिसते."

खाली रस्त्यावरून देवासच्या बसचा कंडक्टर देवास, देवास म्हणून ओरडत गेला.

"म्हणजे माझ्यामुळं..." काकू म्हणाल्या आणि खुर्चीच्या दांडीला धरून बसल्या. शेवेची बशी त्यांच्या मांडीत तिरपी झाली.

इशिताचं तिकडे लक्ष नव्हतं. ती देवश्रीकडे बघत होती, पुढे झुकून, जणू कुणी तिच्या हातातून काही ओढून नेईल अशी.

"म्हणजे होती?"

सहा वर्षं देवश्रीला एकच शिकवलं होतं. एका नमुन्यावरून 'आहे' म्हणायचं नाही, 'असावं' म्हणायचं. शक्यता आहे. नाकारता येत नाही. पुढील अभ्यासाची गरज आहे. या वाक्यांनी तिचा निम्मा प्रबंध भरला होता.

"होती," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाची घ्यायच्या आधी डॉक्टरांना खरी वेळ सांगा. रविवारी सही करू नका."

इशितानं कागद आपल्याकडे ओढला. 'रात्री १०' वर आडवी रेघ मारून वर 'संध्याकाळी ६.३०' लिहिलं आणि सही केली. अक्षर स्पष्ट आलं. मग पेन तसाच हातात ठेवून ती सासूकडे वळली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि सांडलेली शेव त्या एकेक करून पदरात गोळा करत होत्या.

"नऊ होती, आई," इशिता म्हणाली. "ऐकलंत ना? नऊ होती."