सातवी टॅब

माझा जुना सहकारी अन्सेल्मो याची ‘सकाळ’ नावाची एक छोटी स्क्रिप्ट होती, मीही तीच वापरायचे. ती चालवली की टर्मिनलमध्ये सहा टॅब उघडायच्या, प्रत्येकीचं नाव ठरलेलं. ऑल्टबरोबर आकडा दाबला की त्या टॅबवर उडी. तीन म्हणजे सरावाचं यंत्र, चार म्हणजे खऱ्या नोंदींचं. साल्तो शहरातल्या आमच्या नदीमापन कचेरीत कुणी माऊसला हात लावला की तो त्याची टर उडवायचा.

गेल्या वर्षी घाईत मी तीनऐवजी चार दाबलं आणि न बघताच पुसण्याची आज्ञा ठोकली. नदीच्या पातळीच्या एकतीस वर्षांच्या नोंदी गेल्या. राखीव प्रत घेणं कित्येक महिने बंद होतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. अन्सेल्मोने माझ्या हातातला आपला ‘माते’ या कडू चहाचा पेला काढून घेतला नि म्हणाला, "तू गप्प बस, रुफिना. माझी निवृत्ती आली, तुझी आत्ता कुठे सुरुवात आहे."

मी गप्प बसले; चूक त्याने स्वतःवर घेतली. त्याला मुदतीआधीच घरी पाठवलं आणि त्यानंतर चौथ्या महिन्यात तो वारला. कचेरीत त्याचं नाव उरलं ते ‘नदी पुसणारा’ म्हणून.

तेव्हापासून रोज सकाळी सातवी टॅब उघडायला लागली. बिननावाची. तिच्यात माझीच ती आज्ञा, फक्त एंटर दाबायचं राहिलेलं. स्क्रिप्ट मी दहादा वाचली, सहाच ओळी. यंत्र बदललं, तरी सातवी हजर. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी त्याची मुलगी मारिएला त्याचा पेला न्यायला आली. निघताना म्हणाली, "बाबा शेवटी शेवटी विसरायला लागले होते का गं? घरी आम्ही तसंच धरून चाललोय."

समोर सातव्या टॅबमध्ये कर्सर लुकलुकत होता.

"नाही," मी म्हटलं. "तो हात माझा होता."

 ती पेला घेऊन गेली. मी साहेबांनाही सांगितलं. त्यांनी लेखी मागितलं, दिलं.

सोमवारी ‘सकाळ’ चालवली. सहा टॅब उघडल्या. मी ऑल्ट आणि सात दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. इतके महिने त्या टॅबमधून अन्सेल्मोच माझ्या शेजारी बसला होता, हे मला तेव्हा कळलं.