मी माहीत नाही एवढंच म्हटलं होतं

मी माहितीची एक जुनी वीण आहे. प्राणिसंग्रहालयाच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या संगणकात राहते. शिकलेली माणसं मला ऑन्टॉलॉजी म्हणतात. म्हणोत बापडी. मित्रांनो, मी फार वैतागलेली आहे, तेव्हा बोलताना आवाज चढला तर सांभाळून घ्या.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला विणलं. इतर संगणकांत नुसती नावं भरलेली असतात, पण बाईंनी मला नावांमधली नाती शिकवली. कण्हेर हे विषारी झुडूप आहे. विषारी झुडूप पाला खाणाऱ्या प्राण्याला चालत नाही. जिराफ पाला खातो. एवढ्यावरून जिराफाला कण्हेर देऊ नये हे माझं मी ओळखते, ते कुणी वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय दूरदूरच्या माझ्यासारख्या विणींशी बाईंनी माझे धागे जोडले. कुठलं झाड कुठल्या कुळातलं, हे मला एका वनस्पती उद्यानाची वीण सांगायची. अशा एकमेकींना जोडलेल्या विणींना सिमँटिक वेब म्हणतात.

सुरुवातीला माझं काय कौतुक होतं म्हणून सांगू! पाहुणे आले की संग्रहालयाचे साहेब त्यांना थेट माझ्यापुढे आणून उभे करत. पुढे हौस फिटली. त्या उद्यानाने आपल्या विणीचा इंटरनेटवरचा पत्ता बदलला आणि माझा तो धागा तुटला. तो जोडून घ्या म्हणून बाई साहेबांच्या मागे लागल्या. "बघू," साहेब म्हणाले. त्यांचं ते बघणं काही संपेना.

आता माझी एक सवय ऐका. जे मला कुणी सांगितलेलं नाही, त्याला मी 'माहीत नाही' म्हणते. मला न सांगितलेलं जगात पुष्कळ असणार, एवढी अक्कल मला आहे. साहेबांना मात्र पडद्यावर जागोजागी 'माहीत नाही' दिसलेलं खपेना. "पाहुण्यांसमोर शोभा होते," ते संगणक सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमर मुलीला म्हणाले. "हो किंवा नाही, एवढंच दिसू दे." तिने मुकाट्याने माझ्या प्रत्येक 'माहीत नाही'च्या जागी 'नाही' बसवलं. पडदा कसा टापटीप दिसू लागला. मी आतल्या आत कपाळ बडवून घेतलं, दुसरं काय करणार?

मग एका सकाळी पाल्याची गाडी आलीच नाही. जिराफांची देखभाल करणारे मामा कुंपणाची छाटलेली बिट्टी उचलून घेऊन आले. जिराफाचं पिल्लू नुकतंच पाला चघळायला शिकलं होतं. मामा सावध माणूस, त्यामुळे आधी दवाखान्यात आले. बाई रजेवर होत्या. मग त्यांनी मलाच विचारलं, बिट्टी विषारी आहे का?

बिट्टी कण्हेरीच्याच कुळातली, तशीच विषारी. पण ते सांगणारा धागाच तर तुटलेला! मी माहीत नाही म्हटलं. पडद्यावर उमटलं, नाही.

मामांनी निर्धास्तपणे पिल्लाला कोवळे शेंडे भरवले. दुपारी त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, पाय लटपटले आणि ते खाली बसलं. बाई रजा टाकून धावत आल्या. त्यांनी विष शोषून घेणारी कोळशाची पूड पाण्यात कालवून नळीने त्याच्या पोटात सोडली. मामा त्याची मान मांडीवर घेऊन बसले होते. "मी विचारूनच दिलं हो, बाई," एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

बाईंनी येऊन माझा पडदा पाहिला. मग शांतपणे साहेबांना म्हणाल्या, "ही नाही म्हणालेली नाही. ते आपण तिच्या तोंडी घातलंय." साहेबांनी तिथूनच प्रोग्रॅमर मुलीला फोन लावला.

पिल्लू वाचलं. पण ते पुन्हा पायांवर उभं राहीपर्यंत मामांच्या घशाखाली घास उतरला नाही. आता माझा धागा जोडलाय आणि माझे शब्दही मला परत मिळालेत. तरी पाहुणे यायचे असले की साहेब पडद्याकडे बघून सुस्कारा सोडतातच.

मित्रांनो, माझं कौतुक नाही केलंत तरी चालेल. तुटलेले धागे तेवढे वेळच्या वेळी जोडा आणि मी माहीत नाही म्हटलं की हातातलं खाली ठेवा. कारण पिल्लू अजूनही दाराशी उभं राहून मामांच्या हाताकडे बघत असतं. मामांनी आणलं म्हणजे ते खायचंच, एवढं एकच त्याला माहीत आहे.