सलूनवाल्या काकांचा डावा डोळा

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चित्रकलेची पदवी घेऊन ती घरी आली, तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "आता मोबाइलला चार शब्द सांगितले की तोच चित्र काढून देतो. तू वेगळं काय काढणार?"

त्यात टोमणा कमी आणि काळजी जास्त होती.

पुढे कृत्रिम डोळे बनवणाऱ्या एका कार्यशाळेत तिला काम मिळालं. तिथल्या तंत्रज्ञाला सगळे लाडाने मापाडी म्हणत. तो माणसाच्या चांगल्या डोळ्याचा फोटो काढायचा, रंग जुळवायचा आणि यंत्र तस्संच बुबुळ छापून द्यायचं. धाकटीकडे तयार डोळ्यांना झिलई द्यायचं काम होतं.

एके दिवशी सकाळीच एक सलूनवाले काका काळा चष्मा लावून आले. अपघातात त्यांचा डावा डोळा गेला होता आणि नवा इथूनच बसवला होता.

"गिऱ्हाईक आरशात माझ्याकडे टक लावून बघतं हो," ते म्हणाले. "मग मी चष्मा लावला, तर आता वस्तरा हातात घेतला की लोक खुर्चीत आक्रसतात!"

मापाडीने पुन्हा रंग तपासला. तो तंतोतंत जुळत होता. त्याचा चेहरा पडला. "काका, चूक असती तर दुरुस्त केली असती. इथे चूकच सापडत नाहीये."

"मी बघू का?" धाकटीने विचारलं.

तिने काकांना खिडकीपाशी बसवलं आणि ती बराच वेळ नुसतं बघत राहिली. काकांनाच अवघडल्यासारखं झालं. मग ती म्हणाली, "फोटो झगझगीत उजेडात काढलाय, म्हणून बुबुळातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी आलीये. तुमच्या सलूनमध्ये उजेड कसा असतो?"

"मंदच. बोळातलं दुकान ते."

दुपारी ती रंगांची पेटी घेऊन सलूनमध्ये हजर झाली. काका केस कापत होते आणि ती बाकावर बसून त्यांचा चांगला डोळा कागदावर रंगवत होती. काका हसले की बघायची, दमले की बघायची. त्या मंद उजेडात बाहुली मोठी दिसत होती. बुबुळ नुसतं तपकिरी नव्हतं. आत कोऱ्या चहाचा रंग होता, कडेला राखाडी वलय आणि पांढऱ्या भागात नाकाकडे किंचित पिवळसर झाक. कॉलेजात सर एकच मडकं दिवसभर बघायला लावायचे, तेव्हा तिला रडू यायचं. आता तीच सवय हाताला वळण देत होती.

डोळ्याचा आकार यंत्रानेच घडवला. त्यात खोट काढायला जागा नव्हती. रंग मात्र धाकटीने भरले, एकावर एक पातळ थर देत. प्रत्येक थरावर मापाडीने पारदर्शक लेप चढवला, तशी बुबुळाला खोली आली.

नवा डोळा बसवून काका आरशासमोर उभे राहिले. खिशातून कंगवा काढून त्यांनी भांग पाडला. एवढ्या दिवसांत आरशात स्वतःकडे असं निवांत बघणं त्यांना जमलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भाऊ मुद्दाम त्या सलूनमध्ये केस कापून आला.

"ओळखलास खोटा डोळा कुठला तो?" धाकटीने विचारलं.

"उजवा."

ती पोट धरून हसली. भाऊही हसला. मग म्हणाला, "आईला सांग, तुला काय येतं ते मला आज कळलं."

"तूच सांग की," ती म्हणाली, आणि त्याने खरंच सांगितलं.

आता कार्यशाळेत खिडकीपाशी धाकटीचं टेबल आहे. जेवणाच्या सुट्टीत मापाडी तिच्याकडे चित्र काढायला शिकतो. काल त्याने किटली काढली. ती बुटासारखी दिसत होती.

"मापं तर सगळी बरोबर घेतली होती," तो कुरकुरला.

"पट्टी ठेव बाजूला," धाकटी म्हणाली, "आणि आधी जरा बघ तिच्याकडे."

त्याने पट्टी खणात टाकली, पेन्सिलीला टोक केलं आणि जेवणाचा डबा तसाच उघडा ठेवून तो किटलीकडे बघत बसला.