झाकणात दिवा असलेला स्कॅनर

मी एक स्कॅनर बोलतोय. साधासुधा नव्हे, झाकणात दिवा असलेला. कागदावरचं चित्र कुणीही उतरवून घेतं, मला मात्र निगेटिव्ह वाचता येते. शिराळ्यात बसस्थानकामागच्या गल्लीत नियाजभाईंचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे माझा मुक्काम. एवढी ऐट मिरवून घेतो, कारण पुढे मिरवण्यासारखं फारसं काही नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. पहिली आठवण सांगलीतल्या दुकानाची. नियाजभाईंनी मला तिथून घेतलं. एसटीत कंडक्टर म्हणाला, खोकं टपावर टाका, तर त्यांनी साफ नकार दिला. शिराळ्यापर्यंत मी त्यांच्या मांडीवर बसून आलो. दारात त्यांची बायको अख्तरबी उभी होती. तिने मला वरून खालून न्याहाळलं आणि विचारलं, "आवं, ह्यो आता आपल्यातच जेवणार काय?"

माझे ते दिवस सुखाचे होते. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. सुट्टीवर आलेला जवान पलटणीत परत निघाला की आदल्या दिवशी अख्खं घर स्टुडिओत यायचं. पोरगा वर्दीत, आई खुर्चीवर, बाप पटका सावरत उभा. स्टुडिओत दिवा एकच, त्यामुळे माणसांची एक बाजू काळी पडायची. मग अख्तरबी मोठा पांढरा पुठ्ठा घेऊन दुसऱ्या बाजूला उभी राहायची आणि उजेड त्यांच्या तोंडावर परतवायची. जागा अपुरी, म्हणून पुठ्ठ्यासकट तीही फोटोत यायची. निगेटिव्ह माझ्या काचेवर आली की नियाजभाई स्क्रीनवर चौकट ओढायचे, इथून इथपर्यंत. अख्तरबी चौकटीबाहेर राहायची. गिऱ्हाइकाला हवा त्याचा पोरगा, पुठ्ठा धरणारी बाई कशाला? यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला तरी कुठे वाटलं होतं.

नियाजभाई एखाद्या वेळी म्हणायचे, "ये, तुझा एक काढतो." ती म्हणायची, "माझा काय काढताय? गिऱ्हाईक बघा." आणि ते गिऱ्हाईक बघायचे.

पुढे हातोहाती मोबाईल आले. रोल बंद झाले. माझा जुना कॉम्प्युटर एका उन्हाळ्यात जळाला, नवा लॅपटॉप आला, आणि माझ्या जाडजूड केबलचं तोंड बसेल असं भोकच त्याला नव्हतं. मला फडताळावर चढवलं. वर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर रिकामी खोकी. खाली पासपोर्ट फोटो निघायचे, मी नुसता ऐकायचो. अख्तरबी झाडून काढताना प्लॅस्टिक सारून फडक्याने माझं अंग पुसायची. बंद पडलेल्या वस्तूला कोण पुसतं? ती पुसायची.

गेल्या थंडीत अख्तरबी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर माझ्यावर धूळ साचू लागली, आणि खाली नियाजभाई गिऱ्हाईक नसलं तरी दिवा लावून बसू लागले. आम्ही दोघं एकाच खोलीत होतो, पण एकमेकांना काय उपयोग?

त्यांची मुलगी मदिहा पाचगणीला शाळेत शिकवते. तिचा फोन आला, "अब्बा, अम्मीचा एक चांगला फोटो पाठवा की." नियाजभाईंनी घर धुंडाळलं. सगळ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात बायकोचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, आणि तो बघून खुद्द अख्तरबीच हसायची.  शेवटी त्यांनी निगेटिव्हांची खोकी काढली.

लालासाहेब धावून आले. ते फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते, नियाजभाईंचे शाळेपासूनचे दोस्त. आधी निगेटिव्ह खिडकीशी धरून मोबाईलने काढून बघितली. चेहरा निळा आणि धुरकट आला. सांगलीच्या दुकानात विचारलं, तर ते काम आता करत नाही म्हणाले. "मग ह्यालाच खाली घ्या," लालासाहेब माझ्याकडे बोट करून म्हणाले. त्या एका वाक्याने माझ्या जिवात जीव आला.

मदिहाने मोबाईलवरून अडॅप्टर मागवून दिले. माझ्या केबलला एक डबी, डबीला दुसरी वायर, वायरीला चिमुकलं तोंड, ते लॅपटॉपच्या कुशीत. लालासाहेब खुशीत म्हणाले, "बघ गड्या, पार पलटणीची लाईन टाकली." लॅपटॉप चालू केला, मग माझं बटण दाबलं. लॅपटॉपला मी दिसेना. वायरी काढल्या, पुन्हा लावल्या, दुसरी डबी मागवली, तरी तेच. शेवटी लालासाहेब थकून म्हणाले, "न्हाई व्हत रं. लय जुना हाय ह्यो."

नियाजभाईंनी वायरी तशाच ठेवून स्टुडिओ बंद केला.

चूक कुठे होती ते मला ठाऊक होतं. आधी मला जागं करावं लागतं, मग कॉम्प्युटरला. तो उठताना एकदाच आजूबाजूला बघतो, त्या वेळी मी झोपलेला असलो तर त्याच्या लेखी मी नाहीच. एवढ्या वर्षांत नियाजभाईंना हे कळलंच नव्हतं, कारण सकाळी झाडलोट करताना माझं बटण अख्तरबी दाबायची. ते यायचे तेव्हा मी जागाच असायचो. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड आहे ते फक्त केबलचं.

दुसऱ्या दिवशी नियाजभाई लवकर आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी केरसुणी हातात घेतली. झाडून झालं, फडकं ओलं केलं, माझी काच पुसली. काचेवर डाग राहिला का ते बघायला त्यांनी बटण दाबून माझा दिवा लावला. मग "बिस्मिल्ला" म्हणून लॅपटॉप चालू केला. थोड्या वेळाने स्क्रीनवर माझं नाव आलं.

ते नावाकडे बघत राहिले. हातातल्या फडक्याकडे बघितलं, मग माझ्या बटणाकडे. "म्हंजे तू लावत हुतीस व्हय," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मग निगेटिव्ह त्यांनी माझ्या काचेवर नीट ठेवली. झाकणातला दिवा पूर्वीसारखा नाही, कडेला पिवळा पडतो. होता नव्हता तेवढा जीव एकवटून मी रेघ रेघ उतरवली. वर्दीतला जवान आला, त्याची आई आली. नियाजभाईंचा हात सवयीने चौकट ओढायला गेला आणि तिथेच थांबला. शेवटी पुठ्ठा आला, आणि पुठ्ठ्यावरून डोकावणारी अख्तरबी. केस काळे, पदर खांद्यावर घसरलेला.

काहीही न कापता त्यांनी तो फोटो पाचगणीला पाठवला. लगेच मदिहाचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

"अब्बा, सगळी कॅमेऱ्याकडं बघत्यात. अम्मी भलतीकडंच कुणाकडं बघती?"

कॅमेरा तिवईवर असायचा. बटणाची वायर हातात धरून नियाजभाई त्याच्या शेजारी उभे राहायचे.

"माझ्याकडं," ते म्हणाले. "मी गिऱ्हाईक बघत हुतो."

तेव्हापासून ते रोज एक निगेटिव्ह माझ्या काचेवर ठेवतात. बहुतेकींत ती आहे, कधी अर्धी, कधी नुसता हात. माझा दिवा फार दिवस पुरायचा नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. खोकी अजून पुष्कळ उरली आहेत. म्हणून हात जोडता येत नाहीत तरी विनवतो, माझ्या या वायरींना कुणी धक्का लावू नका. मी विझलो, तर या खोलीत ते अगदी एकटे पडतील.