एक रिकामी ओळ

पेइलिंगनं सोयादुधाचा वाडगा बाजूला सारला आणि लॅपटॉप वेइचेकडे वळवला. ह्वालिएन शहरातल्या त्या दुकानात रविवारच्या नाश्त्याची गर्दी होती.

"तूच बघ. मला नाही बघवत."

पापण्यांच्या उघडझापीनं अक्षरं लिहिणारं त्यांचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं, फुकट. त्यासाठी राबणारे एकेकाळी चौदा जण होते, उरले हे दोघं. पाच ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला आला होता. सगळ्यांत जुनी वगळल्याशिवाय नवी आवृत्ती निघणार नव्हती, आणि तिच्यासाठी साठ घरं ताटकळली होती. साठ घरांत साठ माणसं, वाचा गेलेली, छताकडे बघत पडलेली.

जुन्या सिस्टीमवर मात्र आता एकटे च्वांग सर. दोघांनाही शाळेत गणित शिकवलेले. त्यांचा जुनाट कॅमेरा दुसरीकडे कुठे चालत नव्हता, आणि नव्या कॅमेऱ्यांना त्यांची थकलेली पापणी दिसतच नव्हती. ती दर महिन्याला आणखी थकायची, तसं सॉफ्टवेअरही दर महिन्याला जुळवून घ्यावं लागायचं. ते थांबलं, की महिन्या-दोन महिन्यांत सरांचं बोलणं संपलं.

प्रत्येक सिस्टीमला एक राखणदार, आणि त्याच्या होकाराशिवाय ती वगळायची नाही, असा त्यांचा नियम. जुनी वापरणारे सरच उरले, म्हणून तिचे राखणदारही तेच. त्यांना विचारायचं कुणी? तीन आठवडे दोघं एकमेकांवर ढकलत होते.

आणि आज सकाळी सरांनीच बदल पाठवला होता. जुन्या सिस्टीमच्या कोडच्या दोनशे बारा ओळी काढून टाकलेल्या, एकेक पापणी मिटून. खाली लिहिलं होतं, 'तुमच्यानं विचारवेना, म्हणून मीच केलं.'

वेइचेनं सगळं दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा त्याला पडदा धूसर दिसायला लागला.

"बिनचूक आहे, ताई. स्वीकारायचं तेवढं बाकी."

"शेवटी एक रिकामी ओळ राहिलीय."

"तिनं काय बिघडतंय? मी काढतो ना."

"हात लावू नकोस."

तिनं सरांना लिहिलं, की शेवटची रिकामी ओळ कृपया तुम्हीच काढून परत पाठवा.

"साठ घरं थांबलीत, ताई," वेइचे खालमानेनं म्हणाला.

"आणखी एक दिवस थांबतील."

दूध पार गार झालं. तासाभरानं सरांचं उत्तर आलं.

'मुद्दाम ठेवली होती, तू परत पाठवशील म्हणून.'