नऊ घरं, तळ एकच

मित्रांनो, सध्या माझ्यात कांद्याची पात वाढते आहे. म्हणून मला कुंडी समजू नका. मी चोंगछिंग शहरातली एक जुनी लोखंडी कढई आहे. तीस वर्षं मी रोज उकळले आणि आता खाणावळीच्या खिडकीबाहेर बसून माती सांभाळते.

नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर एका लोहाराचं दुकान होतं. त्याने मला ठोकून ठोकून गोल केलं आणि माझ्यात बसेल अशी पितळी पट्ट्यांची चौकट बनवली. तिच्यामुळे माझी नऊ घरं पडली. मधल्या घरात उकळी जोरात, म्हणून तिथे वजडी बुडवायची. सात वेळा वर, आठ वेळा खाली, की झाली. जरा जास्त राहिली तर तिचं चामडं होतं. कोपऱ्यातली घरं शांत. तिथे भेजा आणि रक्ती सावकाश शिजतात. चौकट मात्र तळाला टेकत नाही. खाली दोन बोटं पोकळी राहते आणि रस्सा नऊ घरांत एकच फिरतो.

या खाणावळीच्या मालकीणबाई थानमावशीने मला विकत आणलं. बैलाची चरबी, मूठमूठ सुक्या मिरच्या आणि जीभ बधिर करणारी तिरफळं घालून ती रस्सा करायची. ओळख ना पाळख अशी चार-पाच माणसं माझ्याभोवती बसायची. प्रत्येकाने आपापली घरं वाटून घ्यायची, पण तुकडे खालून वाहत दुसऱ्याकडे निघायचे आणि भांडणं लागायची. शेवटी मावशीने नियमच केला, ज्याच्या घरात वर आलं ते त्याचं.

एकदा एका हमालाच्या घरात शेजाऱ्याची बदकाची आतडी वर आली. शेजारी ओरडला तसा हमाल म्हणाला, "पाहुणे आपल्या पायांनी आलेत. हाकलून कसं देऊ?" दोघे पुढे वर्षानुवर्षं बरोबर जेवायला येत. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटे.

मग दिवस पालटले. लोकांना ज्याचं त्याचं वेगळं भांडं हवंसं झालं. माझ्या कडेला तडा गेला, चौकट कुणी नीट घासेना. एके दिवशी छोट्या पातेल्यांची खोकी आली. दुसऱ्या दिवसापासून ती वापरायची ठरली. माझं ते शेवटचं जेवण होतं.

त्या दुपारी श्यांगकाका आले. नदीवरच्या होडीचे जुने तांडेल. त्यांची मुलगी वेन्ली दूर लांचौला नोकरी करायची. तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा दरड कोसळून गाडी अडकली आणि वेन्ली पोहोचली ती सगळं आटोपल्यावर. काका तेव्हा दारातच म्हणाले होते, "तुझ्यावाचून काही अडलं नाही." तेव्हापासून बापलेकीत चकार शब्द नव्हता. आता तिची बदली आणखी लांब झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी होती. मावशीनेच दोघांना जेवायला बोलावलं होतं.

वेन्ली स्वयंपाकघरात येऊन मावशीला म्हणाली, "आज बाबा बोलले नाहीत ना मावशी, तर मी पुन्हा यायची नाही. दर वेळी दगडावर डोकं किती आपटायचं?"

काकांनी टेबलाशी बसताच खोक्यांकडे बोट केलं. "ती छोटी पातेली दे. दोघांना दोन."

"त्यांच्या शेगड्या अजून जोडल्या नाहीत," मावशी म्हणाली. "आज हीच आहे. भांडायचं असेल तर मधल्या घरात भांडा, तिथे उकळी जास्त असते."

"भांडतंय कोण?"

"तेच तर म्हणते. निदान भांडा तरी!"

काकांनी जेवायच्या काडीने चौकटीवर टकटक केलं. अलीकडची तीन घरं त्यांची, पलीकडची तीन तिची. मधल्या ओळीला कुणी हात लावला नाही. दोघं खाली मान घालून जेवू लागली. मिरचीने वेन्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान मी तरी तेव्हा मिरचीच समजले.

काकांनी कमळकाकडीची एक चकती आपल्या घरात टाकली. लहानपणी वेन्ली जेवायला बसली की आधी चकती डोळ्याला लावून तिच्या भोकांतून बापाकडे बघायची आणि मगच खायची. हे मी पाहिलेलं आहे.

चकती तळाला बसली. मग काकांची काडी हळूच रश्श्यात खोल उतरली. वर मिरच्यांचा थर होता, कुणाला काही दिसत नव्हतं. काडीने चकती माझ्या तळावरून ढकलली, पट्टीखालून मधल्या घरात आणि तिथून पुढे. बोटं पोळली असणार, पण हात मागे आला नाही.

चकती वेन्लीच्या घरात वर आली. तिने काडीने उचलून धरली.

"बाबा, ही तुमची आहे."

"नियम ठाऊक नाही का?" काका माझ्याकडे बघत म्हणाले. "तुझ्या घरात वर आली. आता तुझी."

तिने चकती डोळ्याला लावली. तिखट रस्सा गालावरून ओघळला. काका ओरडले, "अगं वेडे, डोळ्यात जाईल! पूस आधी!" आणि आपल्या बाहीनेच पुसू लागले. मग त्यांना रडू आवरेना. "तुझ्यावाचून फार अडलं गं," ते म्हणाले. चकती आपोआप वाहत आली, असंच वेन्ली अजून समजते.

दुसऱ्या दिवशी मी चुलीवरून उतरले. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

वर्षाने दोघं पुन्हा आली. मी खिडकीतून बघत होते. दोघांपुढे दोन वेगळी पातेली, मधे पोकळी नाही की वाट नाही. पण काकांनी कमळकाकडीची चकती उचलली, हात सरळ टेबलापलीकडे नेला आणि सगळ्यांदेखत तिच्या पातेल्यात सोडली.

मित्रांनो, काकांना आता माझी गरज उरली नाही. पण असं सरळ हात लांबवणं सगळ्यांना कुठे जमतं? त्यांच्यासाठी माझ्यासारखी एखादी मोडीत न घालता घासूनपुसून जपून ठेवा. माझ्यातली पात उपटली की मीही अजून चुलीवर चढेन.