मेव्हिसच्या ब्रेकची नाडी

मी ब्रेकच्या नळीतून बोलतोय. अंगठ्याएवढा माझा देह, खाली आटे, वर तीन वायरींची शेंडी. पेडल दाबलं की नळीतलं तेल मला ढकलतं आणि ते किती जोरात ढकलतंय, तेवढं मी वायरीतून कळवतो. लोक मला प्रेशर सेन्सर म्हणतात. मी म्हणतो, मी मेव्हिसची नाडी बघतो.

मेव्हिस म्हणजे ग्लेनिस पर्टनची दोन दारांची, पिवळी, जुनी गाडी. तिला नंबरप्लेट नाही, हॉर्न नाही, मागची सीटही नाही. महिन्यातून एकदा ट्रेलरवर चढून ती ट्रॅकवर जाते, घड्याळाशी शर्यत लावते आणि धुळीनं माखून घरी येते. ग्लेनिस एरवी शाळेची बस चालवते. बसमध्ये कुणाला साधं रागावतही नाही, पण हेल्मेट डोक्यावर चढलं की बाई वेगळी.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्हा भावंडांना रांगेत लावून तेलाचा दाब देत. जो खोटं सांगेल, तो थेट भंगारात. मी खरं सांगितलं आणि वाचलो. वाटलं, आता जग मला डोक्यावर घेईल. कसलं काय! मला विकत घेतलं लीथ डॉब्सननं. हा गाई पाळतो आणि हौसेनं शर्यतीत उतरतो. वस्तू आणायची भारी आवड, बसवायचा तेवढाच कंटाळा. त्यानं मला बिस्किटांच्या डब्यात टाकलं आणि साफ विसरला.

माझं नशीब उघडलं ते ग्लेनिसच्या नवऱ्यामुळे. रॉस दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो. त्यानं लीथचा बिघडलेला पंप चालू करून दिला, तेव्हा लीथनं डब्यातून मला काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"एवढ्यावर बोळवण करतोस होय रे?" रॉस म्हणाला.

"अरे, गुणाचा आहे तो. मेव्हिस का रखडते ते सांगेल. तू आपला इंजिन उघडतोस नि बंद करतोस. इंजिन आहे की खाऊचा डबा?"

रॉस हसला नाही. गोष्ट तशी हसण्यासारखी नव्हतीच. गेल्या वर्षी ट्रॅकवरच्या टाकीच्या वळणावर मेव्हिस उलटली होती. तिथे कुंपणापलीकडे पाण्याची टाकी आहे, म्हणून ते नाव. ग्लेनिसला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. रॉसनं गाडी पुन्हा उभी केली, पण तेव्हापासून मेव्हिसचा वेगच गेला. गाडीत सगळी नोंद ठेवणारा लॉगर होता. तो सांगायचा की त्या वळणावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आहे. मग गाडी पळत का नाही? रॉसनं तीनदा इंजिन खोललं. शेवटी ग्लेनिस म्हणाली, "या हंगामात जमलं तर ठीक, नाहीतर विकून टाकू. माझा जीव आता तिच्यात रमत नाही." त्यानंतर रॉसला नीट झोप लागेना.

ब्रेक कुठेतरी धरून राहत असतील, असा त्याला संशय आला. म्हणून मी.

त्यानं पुढच्या चाकांकडे जाणारी नळी सोडवली, मध्ये तीन तोंडांचा जोड घातला आणि तांब्याचा वायसर लावून मला त्यात बसवलं. पाना फिरवताना हात इतका बेताचा, की मला धन्य वाटलं. वायरी गरम भागापासून लांब बांधल्या. मग आलं हवा काढायचं काम. नळी उघडली की आत हवा शिरते, आणि हवा असली की पेडल लोण्यासारखं बसतं. ग्लेनिस सीटवर, रॉस चाकाशी.

"दाब!"

"दाबलंय."

रॉस स्क्रू सैल करी, बाटलीत बुडबुडे येत, तो स्क्रू आवळी.

"सोड!"

"सोडलं."

या दोघांचा अर्धा संसार या दोन शब्दांत झालाय. बुडबुडे संपल्यावर ग्लेनिसनं सगळा जोर लावून पेडल दाबून धरलं. रॉसनं माझ्या गळ्याभोवती कागद फिरवून पाहिला. कोरडा. "झालं गं, सोड," म्हणत त्यानं लॉगरला सांगितलं, हे आपलं शून्य, ब्रेकवर पाय नसतानाचा दाब.

इथेच घात झाला. ग्लेनिसनं जोर सोडला होता, पाय नव्हता काढला. हवा काढून झाली की पाय तसाच पेडलवर टेकवून बसायची तिला सवय. तेवढा भार मला जाणवत होता. पण शून्य ठरवताना सेन्सरला कोण विचारतो?

पुढच्या रविवारी आम्ही ट्रॅकवर गेलो. पहिल्या फेऱ्या झाल्या, बॉनेट उघडलं, आणि रॉस नि लीथ ब्रेडमध्ये गुंडाळलेली सॉसेजं खात लॅपटॉपवर वाकले.

"हे काय? दाब शून्याच्या खाली?" रॉस ओरडला. "सरळ रस्त्यावर सगळीकडे उणे! असं कधी असतं का? लीथ, तुझा हा नग खोटारडा आहे."

"डब्यात राहून सादळला असेल," लीथ म्हणाला. मी त्याला कधीच माफ केलं नसतं, पण पुढे जे झालं त्यानं माझा राग गेला.

"काढून फेकतो," म्हणत रॉसनं पाना घेतला. पाना माझ्या अंगाला लागलासुद्धा. ज्याच्या हातानं मला काम मिळालं, त्याच हातानं मी भंगारात चाललो होतो.

"थांब, मला बघू दे." ग्लेनिस हेल्मेट काखेत घेऊन आली. पडद्यावरची रेघ तिनं बोटानं गिरवली. सरळ रस्ता, उणे. लहान वळण, उणे. टाकीचं वळण आलं आणि रेघ बरोब्बर शून्यावर. तिचं बोट तिथेच थांबलं.

"रॉस, शून्य लावलंस तेव्हा मी सीटवर होते."

"मग?"

"माझा पाय पेडलवर होता. हलकाच, पण होता. म्हणजे याचं शून्य हे खरं शून्य नाही, पाय काढला की उणे दाखवणारच."

"बरं, चुकलं माझं. पण या वळणावर रेघ वर का येते?"

ग्लेनिसनं काखेतलं हेल्मेट टेबलावर ठेवलं. लीथनं तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या सॉसेजकडे, आणि "सॉस आणतो" म्हणून निघून गेला. सॉस टेबलावरच होता.

"कारण तिथेही माझा पाय ब्रेकवर असतो," ती म्हणाली. "उजवा पूर्ण ॲक्सिलरेटरवर, आणि डावा चोरून ब्रेकवर. मी ठेवत नाही रे, तो जातो. मला टाकी दिसली की भीती वाटते. वर्षभर वाटतेय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तू रात्रंदिवस इंजिनात डोकं घालून बसलेला. गाडीत दोष आहे म्हटलं की माझी सुटका होत होती."

रॉसनं पाना खाली ठेवला. "मला वाटत होतं माझ्याच हातून काही राहिलंय," तो म्हणाला. "तू त्या वळणावर गेलीस की मी डोळे मिटून घ्यायचो. वाटायचं, मी बांधलेली गाडी तुला पुन्हा उलटी करणार."

"वेडा आहेस. तुझ्या गाडीला काही झालेलं नाही."

"मग विकू नकोस."

"बघू," ती म्हणाली आणि त्याच्या हातातलं उरलेलं सॉसेज खाऊन टाकलं.

त्यांनी माझं शून्य पुन्हा लावलं, या वेळी रिकाम्या सीटवर. दुपारी ग्लेनिस एकटी निघाली. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. पहिल्या फेरीला टाकीच्या वळणावर तिचा पाय माझ्यावर आला. दुसऱ्या फेरीला आला, आणि थरथरला. तिसऱ्या फेरीला टाकी समोर आली, मेव्हिस किंचाळली, मी वाट पाहिली. तेल हललं नाही.

लोकांनो, उपकरणाला दाब हवा असतो, तेच त्याचं पोट. पण त्या वळणावर मी उपाशी राहिलो आणि तरी पोट भरलं. डब्यात गंजायच्या ऐवजी मला हे बघायला मिळालं, याचे उपकार मी कसे फेडू? रॉसचा बेताचा हात, लीथचं विसरणं, आणि भीतीचं नाव मोठ्यानं घेणारी ती बाई, तिघांचाही मी ऋणी आहे.

गाडी आत आली. ग्लेनिसनं हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते.

"टाकीच्या वळणावर काय म्हणतोय तो?" तिनं विचारलं.

रॉसनं पडद्यावरची रेघ बोटानं गिरवली, मग पुन्हा एकदा गिरवली. त्याला नीट दिसत नसावं.

"काही नाही म्हणत," तो म्हणाला. "एक अक्षरही नाही."